काचेपलीकडचं कारलं

उषाबाईंचे उरलेसुरले सहा दात दिवाळीच्या आठ दिवस आधी निघाले, आणि त्याच दिवाळीपासून त्यांच्या नवऱ्याचं डोकं चालेनासं झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं सुरतेतल्या लिंबायतच्या त्या अख्ख्या गल्लीत कोणाच्या मनात आलं नाही. गल्ली तशी हुशार होती. कोणाच्या घरी कोणती भाजी करपली ते तिला नुसत्या वासावरून कळायचं.

दातांचं दुःख उषाबाईंनी पदराआड लपवलं. चाळीस वर्षं मिश्री लावून दात गेले तर त्यात एवढं काय, कवळी बसवून घ्या, असं शेजारच्या सरलाबाई सांगून थकल्या. पण उषाबाई पडल्या मानी. "आते या वयमा इकतना दात लाईसन कोनले दखाडू?" असं म्हणून त्यांनी विषयच संपवला. दात कोणाला दाखवायचे नव्हते हे खरं, पण दात नाहीत हे कोणाला दिसू नये याची मात्र फार काळजी. बोलायची वेळ आली की पदराचं टोक आपोआप ओठांवर जायचं. नातवंडांशी बोलताना पदर, भाजीवाल्याशी बोलताना पदर, आणि नवऱ्याशी बोलताना तर हवाच. ज्या माणसाने आपल्याला ऐन जवानीत पाहिलं, त्याच्यासमोर हे बोळकं काय म्हणून उघडायचं?

नवऱ्याचं दुःख मात्र पदरात मावेना. राघोतात्या म्हणजे चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला कारागीर. एका वेळी आठ-आठ लूम सांभाळायचे आणि धागा तुटला की मालकाच्या आधी तिथे हजर. असा माणूस आता गॅसजवळ बसलेला असायचा आणि शेजारी कुकर बारा शिट्ट्या मारून डाळीचा कोळसा करायचा. नळ चालू सोडून यायचे आणि मोरी भरून पाणी उंबऱ्याबाहेर निघायचं. सून सुषमा दार वाजवून वाजवून रडकुंडीला यायची आणि आत तात्या निवांत सुपारी कातरत बसलेले. उषाबाईंनी कोथिंबीर आणायला सांगावी, तात्यांनी त्यांच्याकडे बघावं, मान डोलवावी आणि जागचं हलू नये.

"ओ चेतनना बाप, मी काय सांगं तुमले?" उषाबाई पदराआडून विचारायच्या.

तात्या पुन्हा मान डोलवायचे.

त्यात जिलेबीचं वेगळंच. कोथिंबीर आणायचं विसरणारा हा माणूस दर शनिवारी न सांगता पाव किलो जिलेबी आणायचा आणि गुपचूप उषाबाईंच्या पुढ्यात ठेवायचा. मागच्या शनिवारी आणली होती, त्याच्या मागच्या शनिवारीही आणली होती, हे त्याच्या गावीही नसायचं. दात नसलेल्या उषाबाई ती जिलेबी दुधात भिजवून खायच्या आणि खाता खाता डोळे पुसायच्या. शेवटी शेवटी त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. एकच गोष्ट दहादा करायची. आणि एक दिवस पोटच्या पोरीकडे बघून तिने विचारलं होतं, "तू कोननी पोर व बाई?" त्या प्रश्नाला वीस वर्षं झाली, तरी तो अजून उषाबाईंच्या काळजात रुतून होता. डाळ जळाली तर जळू दे, पाणी वाहिलं तर वाहू दे. हा माणूस एक दिवस आपल्याला तू कोण म्हणून विचारणार, एवढ्या एकाच भीतीने त्यांचं जेवण तुटलं होतं.

मुलगा चेतन सुरतेबाहेर सचिन गावातल्या एका मिलमध्ये नोकरीला. त्याने दोन दिवस रजा टाकली आणि बापाला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर नवखा होता, सर्दी झाली म्हणून त्याने नाकातोंडावर मास्क लावला होता आणि नजर समोरच्या कागदावर. आज वार कोणता? आपण कोणत्या शहरात आहोत? शंभरातून सात गेले किती? तात्या मास्ककडे बघत राहिले आणि प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत राहिले. ही मान डोलवायची सवय तमाम कारागिरांची. लूमच्या धडधडाटात शेठ येऊन काय बोलून जातो ते निम्मं कळत नाही, आणि परत विचारलं तर शेठ खेकसतो. म्हणून कळलं तरी मान हलवायची आणि नाही कळलं तरी हलवायची. पोट भरायचं तर एवढं यावंच लागतं. पण हे त्या बिचाऱ्या डॉक्टरला कोण सांगणार? तीसपैकी आठ मार्क पडले. तेही चित्र उतरवून काढा, लिहिलंय ते वाचून करा, असल्या कागदावरच्या गोष्टींचे.

"स्मृतिभ्रंशाची शक्यता आहे," डॉक्टर म्हणाला. "मोठ्या मॅडमना दाखवू. पण आधी मेंदूचा एमआरआय करून घ्या. मेंदू आकसलाय का, कुठे रक्त साकळलंय का, पाणी साचलंय का, ते त्यात दिसतं. म्हणजे पुढचं ठरवता येईल."

बाकीचं उषाबाईंना नीट समजलं नाही, पण आकसणं समजलं. पहिल्या धुण्यात आटून गुडघ्यापर्यंत येणारी लुगडी त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"मम्मी, तू टेन्शन नको लेऊ," चेतन दाढी खाजवत म्हणाला. ही दाढीही त्याने दिवाळीतच ठेवली होती, अशी घनदाट की आत तोंड आहे की नाही याचा पत्ता लागू नये. तात्या त्याच्याकडेही बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघून एवढंच पुटपुटले, "हल्ली सगळा तोंडमातल्या तोंडमाच बोलतस."

स्कॅनचा दिवस उजाडला गुरुवारी. मशीनवरचा टेक्निशियन वैभव जळगावकडचा, हसतमुख, कामाला चपळ. लोखंड, चांदी, काहीही अंगावर चालणार नाही म्हणाला. तात्यांच्या कमरेचा लग्नातला चांदीचा करदोडा पंचेचाळीस वर्षांत कधी उतरला नव्हता. तो काढायला चेतन आणि वैभव दोघांना घाम फुटला. उषाबाईंनी तो मुठीत धरला. पण त्या बाहेर जायला निघाल्या तसे तात्या मशीनच्या फळीवरून ताडकन उठले आणि त्यांच्या मागे निघाले. वैभवने परत झोपवलं, हे परत उठले.

"काकू, तुम्ही माझ्याबरोबर काचेपलीकडे बसा," शेवटी वैभव म्हणाला. मग त्याने तात्यांना खुणांनी समजावलं. डोक्यावर पिंजऱ्यासारखं झाकण येणार, त्या झाकणात डोळ्यांवर एक छोटा आरसा आहे, त्या आरशातून मोठ्या काचेपलीकडची खोली दिसते, तिथे काकू बसलेल्या दिसतील. तात्यांना खुणा लगेच कळल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची लांबची नजर पोरासोरांसारखी झाली होती. त्यांनी आरशात पाहिलं, उषाबाई दिसल्या, आणि ते शांत पडले.

वैभवने जाड दार लावलं आणि मशीन सुरू केलं.

भिंतीपलीकडून आवाज आला आणि उषाबाई स्टुलावर दचकल्या. खडाक खडाक खडाक, मग धडधडधड, मग पुन्हा टकटक. दाराच्या फटीतून जेवढा येत होता तेवढाही आवाज त्यांच्या ओळखीचा होता. "हाई ते आपलं लूमखातं शे," त्या पदराआड पुटपुटल्या.

लग्न होऊन त्या धुळ्याकडून सुरतेत आल्या तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत सासू, सासरे, दोन दीर आणि हे नवराबायको. नवऱ्याशी एक शब्द बोलायची चोरी. मग सासूनेच त्यांना लूमखात्यात धाग्याच्या कांड्या भरायला लावलं, आणि तिथे उषाबाईंचा खरा संसार सुरू झाला. खात्यात कानाला कान लावला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून सगळे ओठांनी बोलायचे, आवाज न काढता. चार लूमपलीकडे उभा असलेला तरणाबांड राघो तिच्याकडे बघून नुसते ओठ हलवायचा, "जेवनी का?" रोज दुपारी. घरात सासूसमोर जे विचारता यायचं नाही ते तो त्या गोंगाटात विचारायचा, आणि तिला वाटायचं, एवढ्या गर्दीत आपण दोघंच आहोत. आता हा माणूस जेवलीस का हेसुद्धा विचारत नव्हता.

मोठ्या मॅडम, म्हणजे डॉक्टर गायत्री, चहाचा कप घेऊन आत आल्या. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता. स्क्रीनसमोर, काचेकडे तोंड करून, दोघं बसली.

"जेवलास का रे वैभव?"

"कुठलं, मॅडम? डब्यात आज परत कारलं आहे. रविवारपासून रोज कारलं. तिच्या भावाच्या साखरपुड्याला गेलो नाही ना, त्याची शिक्षा चाललीय."

"मग माफी मागून मोकळा हो की!"

"मी? माझी काय चूक?" वैभव म्हणाला आणि दोघं हसली.

स्क्रीनवर अक्रोडाच्या गरासारखी चित्रं एकामागून एक सरकत होती. मॅडमनी चहा बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ बघितलं. मागे उषाबाईंनी मुठीतला करदोडा इतका आवळला की तळव्यावर कड्या उमटल्या.

"वैभव, एकोणसत्तर वय ना यांचं? वयाच्या मानाने मेंदू छान आहे. आकसलेला नाही, पाणी नाही, रक्त नाही. स्मरणशक्तीचा हा भाग बघ, भरलेला आहे." त्यांनी मान हलवली. "सुरुवातीला कधी कधी फोटोत काही दिसत नाही, ते खरं. पण तीसपैकी आठ म्हणजे सुरुवात नव्हे. काहीतरी जुळत नाही."

उषाबाईंनी सगळं ऐकलं. खरं तर देवाला हात जोडायचे, पण त्यांचे हात जुळेनात. मेंदू चांगला आहे? म्हणजे या माणसाला सगळं आठवतं, सगळं समजतं, आणि तरी आपल्याशी बोलत नाही? आजार असता तर आजाराला दोष देता आला असता. आता दोष कोणाला द्यायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि इथे तर दातही नाहीत. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडू लागल्या.

मशीन थांबलं. वैभवने दार उघडलं, झाकण काढलं, तात्यांना बसतं केलं. मागोमाग मॅडम गेल्या आणि डोळे पुसत उषाबाईही गेल्या. इथे माणसं घाबरून, घामाघूम होऊन बाहेर निघायची. तात्या मात्र माहेरून आल्यासारखे ताजेतवाने दिसत होते.

"मशीन भारी शे," ते म्हणाले. "पण तेल कमी पडस." मग त्यांनी वैभवच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, साखरपुडाले जावानं व्हतं. बायकोना भाऊ शे तो. आते फोन कर आनि माफी मांगी ले, नही तर जलमभर कारलं खाशी."

वैभवचा हात तात्यांच्या खांद्याखालीच राहिला. दार जाड, काच जाड, मशीनचा तो गदारोळ, कानात बोळे. त्याने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी त्याच्याकडे.

"आनि बाई," तात्या मॅडमकडे वळले, "तुम्हीच सांगं ना, मेंदू छान शे, पानी नही, रक्त नही. मंग हाई काबरं रडी राहिनी?"

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही हे ऐकलंत कसं?"

तात्यांना प्रश्नच कळेना. "ऐकाना काय संबंध? आरसामा दखायनं. तुम्ही बोलनात, मी दखं."

मॅडम पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "काका, तुमचं गाव कोणतं?" तात्या मान डोलवत बसले. मॅडम परत वळल्या, समोर आल्या आणि तोच प्रश्न ओठ नुसते हलवून, आवाज न करता विचारला.

"तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे," तात्या म्हणाले. "पन आते आम्ही सुरतनाच."

"अहो, यांचे कान गेलेत!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "लूमच्या आवाजाने हळूहळू गेले असणार, वीस-पंचवीस वर्षांत. यांना स्वतःलाही कळलेलं नाही. हे ओठ वाचतात. आमच्या डॉक्टरने मास्क लावून परीक्षा घेतली! काकी, तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

कसं येणार? लिंबायतमध्ये सगळेच ओरडून बोलतात आणि लूमवरच्या माणसांच्या घरात सगळेच तोंडाकडे बघून बोलतात. काखेत कळसा तो हाच. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, दारावरची थाप, यांना ओठ नसतात, हे उषाबाईंना आत्ता उमगत होतं.

"पण मग दिवाळीपर्यंत बरे कसे होते?" मॅडम केसपेपर चाळत स्वतःशीच म्हणाल्या. "दिवाळीत काय झालं?"

तात्या मॅडमच्या ओठांकडे बघत होते. उत्तर त्यांनीच दिलं, आणि देताना त्यांचा आवाज पडला.

"दिवाळीपाईन हाई मनासंगे बोलत नही. तोंड झाकीसन बसस. डोयासकन दखी लेस, पन बोलत नही. दिवाळीले हिले नवं लुगडं लयनं नही म्हनीसन रुसनी व्हई. मी दर शनवारले जिलेबी आनस, तरी हिना राग जात नही."

उषाबाईंच्या हातातला करदोडा खळ्ळकन फरशीवर पडला. शिट्टी झाली, दार वाजतंय, नळ चालू राहिला, हे सगळं दिवाळीपर्यंत यांना आपलेच ओठ सांगत होते. पदर ओठांवरच होता. तो त्यांनी तोंडावरून खाली ओढला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्यासमोर आपलं बोळकं उघडं करून त्या हसल्या, रडल्या, आणि म्हणाल्या, "मी कसाले रुसू? मना दात पडी गयात, ओ चेतनना बाप! माले लाज वाटे."

तात्यांनी शब्द न् शब्द वाचला. मग त्यांनी वाकून बायकोच्या तोंडात असं निरखून पाहिलं की वैभवला हसू आवरेना.

"दात ना?" ते म्हणाले. "मी कधी दातसकडे दखं व्हतं? मी ओठसकडे दखस."

उषाबाई साठीच्या पुढच्या, पण अशा लाजल्या की पदर पुन्हा वर जायला निघाला. तो मॅडमनी मध्येच धरला. "आता नाही हं काकी. ही डॉक्टरची ऑर्डर आहे."

परीक्षा त्याच दुपारी पुन्हा झाली. मॅडम समोर बसल्या, उजेडात, सावकाश, मराठीत. तो नवखा डॉक्टर मास्क उतरवून शेजारी उभा होता आणि ओशाळून प्रत्येक उत्तर टिपून घेत होता. तीसपैकी सत्तावीस. तारीख चुकली. ती घरी बसलेल्या माणसाची चुकतेच. शंभरातून सात वजा करताना दोनदा घसरले, पण दहा मिनिटांपूर्वी सांगितलेले तिन्ही शब्द त्यांनी बरोबर सांगितले, आणि वर वैभवला फोन केलास का म्हणून विचारलं. वैभवने केला होता. उद्या डब्यात भरलं वांगं येणार होतं.

"हुरळून जायचं नाही," मॅडमनी चेतनला बजावलं. "पक्का रिपोर्ट उद्या येईल. कानांची तपासणी करून मशीन बसवून घ्या, कारण ऐकू येत नाही तसंच सोडलं तर माणूस एकटा पडतो आणि पुढे खरंच विसरायला लागतो. सहा महिन्यांनी परत आणा. आणि तुम्ही ती दाढी काढा. निदान मिशा तरी कातरा."

चेतनने तिथल्या तिथे हो म्हटलं, तेही बापाच्या समोर तोंड करून. बापाने मान डोलवली, पण या वेळी खरोखर समजून.

घरी जाताना रिक्षात चेतन पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबून बसला आणि मागे ही दोघं. करदोडा परत तात्यांच्या कमरेला होता. लिंबायतच्या तोंडाशी ट्रॅफिक अडकला. दोन्ही बाजूंना लूमची खाती, दारं उघडी, आणि आतला धडधडाट रस्त्यावर सांडलेला. त्यात हॉर्न. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये असा गलका.

तात्यांनी उषाबाईंकडे तोंड वळवलं आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले.

"जेवनी का?"

सकाळपासून उषाबाईंच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पाच महिने त्या अशाच अर्धपोटी होत्या. त्यांनी पदर मांडीवर नीट घडी करून ठेवला आणि तोंड चांगलं मोठं उघडून, एक अक्षरही आवाज न काढता उत्तर दिलं, "नही. आते तुमनासंगे जेवसू."

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे तोंड करून नुसतेच ओठ हलवत होती आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी. त्याने चेतनला कोपराने ढोसलं. "भाई, दोनों का दिमाग चेक करवाया क्या?"

"दोघांचा ओके आहे," चेतन म्हणाला. "तू गाडी चलाव."

मागे उषाबाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर बोटाने टकटक केलं, आपल्याकडे बघायला लावलं, आणि एकेक अक्षर सुटं करून ओठांनी सांगितलं, "मी रुसेल नही. पन शनवारनी जिलेबी बंद करानी नही."

तात्या खदखदून हसले. एवढ्या गलक्यातही ते हसणं रिक्षाभर ऐकू आलं.